न दिसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. त्याचे पहिले वृत्तनिवेदक म्हणून विश्वास मेहेंदळे यांचे नाव आजही घेतले जाते. पुढे हेच मेहेंदळे पुण्यात सिंबायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशनचे संचालक झाले आणि माध्यमांत जाऊ पाहणाऱ्या मुलांना घडवू लागले. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. लोकांच्या आठवणीत ते राहिले आहेत बातम्या देणारा चेहरा म्हणून, एकपात्री प्रयोग करणारा रंगकर्मी म्हणून, राजकारण्यांवर पुस्तके लिहिणारा लेखक म्हणून. संचालकपदाच्या वर्षांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. चित्रवाणीतला माणूस शिक्षणसंस्थेचा प्रमुख झाला की आपण ती त्याची निवृत्तीनंतरची सोय समजतो. पडद्यावरचे खरे आयुष्य संपले आणि आता खुर्ची मिळाली, असा आपला हिशेब असतो.

हा हिशेब मला मान्य नाही आणि ही प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो याच कारणाने. पुढच्या पानांत ज्यांची कारकीर्द वाचायला मिळेल त्यांनी स्टुडिओतून विद्यापीठात येताना धंदा बदलला असे मला वाटत नाही. समोर न दिसणाऱ्या माणसाला काही समजावून सांगायचे, हे त्यांचे काम आधीपासून चालू होते. ते त्यांनी वेगळ्या इमारतीत नेले, इतकेच.

अमेरिकेतला एक दाखला आधी देतो, कारण तो आपल्यापेक्षा किती निराळा आहे हे पाहण्यासारखे आहे. फ्रेड फ्रेंडली हे सीबीएस या बड्या चित्रवाणी कंपनीच्या वृत्तविभागाचे अध्यक्ष. फेब्रुवारी १९६६ मध्ये व्हिएतनामच्या युद्धावर सिनेटच्या समितीपुढे सुनावणी चालू होती आणि माजी मुत्सद्दी जॉर्ज केनन साक्ष देत होते. कंपनीने ती साक्ष दाखवायची सोडून एका जुन्या विनोदी मालिकेचा भाग पुन्हा दाखवला. फ्रेंडलींनी राजीनामा दिला आणि ते कोलंबिया विद्यापीठात पत्रकारिता शिकवू लागले. तिथे चित्रवाणी बाजारासाठी जन्मली होती. म्हणून लोकांना शहाणे करू पाहणाऱ्या माणसाला ती सोडून विद्यापीठाचा आसरा घ्यावा लागला.

आपल्याकडे क्रम उलटा होता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, ते युनेस्कोच्या मदतीने आणि समाजशिक्षणाच्या हेतूने. त्या पहिल्या दिवसांत तिथे निर्माता म्हणून काम करणारे गृहस्थ होते पु. ल. देशपांडे. पुलं त्याआधी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात शिकवत होते. म्हणजे प्राध्यापक आधी स्टुडिओत गेला; स्टुडिओतला माणूस विद्यापीठात आला तो नंतर. दिल्लीत १९६१ पासून शाळांसाठी पाठ दाखवले जाऊ लागले आणि २६ जानेवारी १९६७ ला दिल्लीभोवतीच्या ८० गावांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. जाहिराती आणि मालिका फार पुढच्या. ज्या यंत्राला आज आपण करमणुकीचे म्हणतो ते आपल्या देशात मास्तर म्हणूनच आले होते. नाशिककरांनी तर आणखी मागे जायला हरकत नाही. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कॅमेऱ्यासमोर कुंडी ठेवून बी रुजून वेल वर येईपर्यंतचे चित्रण केले होते. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून केलेले ते काम वनस्पतिशास्त्राचा उत्तम पाठही होते.

या कहाणीचा गाभा मात्र १९७५-७६ चे एक वर्ष आहे. त्याबद्दल मराठीत फार थोडे लिहिले गेले, म्हणून जरा थांबून सांगतो. भारतीय अवकाश कार्यक्रमाचे प्रणेते विक्रम साराभाई यांनी १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार घडवून आणला: त्यांचा उपग्रह वर्षभर भारताच्या खेड्यांकडे वळवायचा आणि त्यावरून कार्यक्रम दाखवायचे. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले, पण प्रयोग थांबला नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, मध्य प्रदेश, बिहार आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सामुदायिक संच बसले. वीज नसलेल्या गावांत ते बॅटरीवर चालले. दहा फुटी अँटेना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. रोज चार तासांचे प्रक्षेपण, त्यात सकाळचा दीड तास शाळेतल्या मुलांचा. सुट्ट्यांच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांचे विज्ञानाचे प्रशिक्षण याच मार्गाने झाले. ‘साइट’ हे त्या प्रयोगाचे लघुनाव. महाराष्ट्रातले एकही गाव त्यात नव्हते, पण प्रयोग चालवणाऱ्यांत मराठी माणसे ठळक होती.

कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस त्यांपैकी एक. विश्वकिरणांचा हा अभ्यासक अमेरिकेच्या एमआयटीत संशोधन करत होता. साराभाईंच्या बोलावण्यावरून तो परत आला आणि थुंब्याच्या अग्निबाणतळाची जागा शोधण्यापासून भारतीय अवकाश कार्यक्रमाच्या पायाभरणीत राबला. साइटची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि नंतर ते अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरचे संचालक झाले. १९८५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले आणि पुणे विद्यापीठात माध्यमांच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. उपग्रह हाताळलेला माणूस वीस-बावीस वर्षांच्या मुलांपुढे उभा राहून, खेड्यातल्या बाईला समजेल असा कार्यक्रम कसा करायचा हे सांगतो, यात मला काहीही विसंगत वाटत नाही. साइटच्या वर्षभर तो हेच करत होता.

दुसऱ्या विजया मुळे, सगळ्यांच्या अक्का. जन्म मुंबईचा, १९२१ चा. शिक्षणखात्यात नोकरी, फिल्म सोसायटीच्या चळवळीत सत्यजित राय यांच्यासोबत काम, आणि पुढे एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राचे प्रमुखपद. साइटमधल्या मुलांच्या कार्यक्रमांत त्यांचा मोठा हात होता. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा छोटा अनुबोधपट त्यांचा. आज चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही त्यातली चिमण्यांची गोष्ट आठवते. आकाशवाणी, दूरदर्शन आणि शिक्षणखाते अशी खाती आपण पाडतो. अक्कांनी ती कधी वेगळी मानल्याचे दिसत नाही.

आणि तिसरे किरण कर्णिक. मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्र, अहमदाबादच्या आयआयएममधून व्यवस्थापन आणि मग इस्रो. साइट, पाठोपाठ गुजरातेतला खेडा प्रकल्प, पुढे इस्रोच्या विकास व शैक्षणिक संप्रेषण विभागाचे संचालकपद. १९९१ मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शैक्षणिक संप्रेषण संघाचे, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांतल्या चित्रवाणी केंद्रांना सांभाळणाऱ्या यंत्रणेचे, संचालक झाले. १९९५ मध्ये ते डिस्कव्हरी वाहिनीच्या भारतातल्या कारभाराचे प्रमुख झाले, २००१ मध्ये नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. या पुस्तकाच्या विषयाशी सर्वांत जवळची मराठी कारकीर्द मला हीच वाटते. दिशा मात्र उलटी: हा माणूस विद्यापीठांच्या चित्रवाणीतून बाजाराच्या चित्रवाणीत गेला. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांना थांबवून ठेवील असे काम आपल्या शिक्षणव्यवस्थेने त्यांच्यापुढे ठेवले नाही, याचे दुःख आहे.

खेडा प्रकल्प काय होता हे कळल्याशिवाय हे दुःख कळणार नाही. पीज नावाच्या गावात एक छोटा प्रक्षेपक, भोवतालच्या शेकडो गावांत सामुदायिक संच, आणि कार्यक्रम त्याच भागातल्या चरोतरी बोलीत. मजुरी, अस्पृश्यता, सावकारी, दारू असे विषय. कार्यक्रम करण्याआधी संशोधक गावात जाऊन राहायचे आणि दाखवून झाल्यावर पुन्हा जाऊन विचारायचे की काय समजले, कुणाला राग आला, काय बदलले. १९८४ मध्ये या प्रकल्पाला युनेस्कोचे ग्रामीण संप्रेषणाचे पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी पीजचा प्रक्षेपक उचलून मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी नेला. खेड्यातल्या लोकांनी विरोध केला, पण प्रक्षेपक गेला.

मला या साऱ्यात यंत्रापेक्षा तो नंतरचा प्रश्न मोलाचा वाटतो: समजले का? चित्रवाणीत काम करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. प्रेक्षक समोर नसतो, तो उठून गेला तरी कळत नाही, म्हणून चांगला निर्माता सतत त्याची काळजी वाहतो. वाक्य लांबले का, चित्र आधी हवे की शब्द, कंटाळा नेमका कुठे येईल. वर्गात शिकवणाऱ्याला मुले समोर दिसतात आणि त्या दिसण्यानेच तो गाफील राहतो. हजेरी आहे म्हणजे शिकवणे झाले, असे तो धरून चालतो. स्टुडिओतून आलेला माणूस संस्थेचा प्रमुख झाला आणि त्याने हा एक प्रश्न सोबत आणला, तर त्याने पुष्कळ काही आणले असे मी म्हणेन.

प्रश्न मागे राहिला आणि यंत्र तेवढे आले तर काय होते, तेही आपण पाहिले. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘देशव्यापी वर्ग’ सुरू केला. इन्सॅट-१बी हा उपग्रह वर्षभर आधी कक्षेत पोचला होता आणि काही विद्यापीठांना, त्यात पुण्यालाही, चित्रवाणी केंद्रे मिळाली होती. त्यांतून काही सुंदर विज्ञानपट निघाले. पण बरेच कार्यक्रम म्हणजे कॅमेऱ्यापुढे बसलेले प्राध्यापक, तेही बहुतांश इंग्रजीत आणि दुपारी, म्हणजे ज्याच्यासाठी ते केले तो विद्यार्थी महाविद्यालयात असताना. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीला ते कधी आणि कसे पाहता येतील हे ठरवणारे कोणी तिथे असते, तर वेळही बदलली असती आणि भाषाही.

आता नाशिक, कारण त्या मुलीचा विचार आधी करणारे विद्यापीठ तिथे उभे राहिले.

१९८९ च्या कायद्याने महाराष्ट्रात मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्याला यशवंतराव चव्हाणांचे नाव दिले गेले आणि मुख्यालयासाठी नाशिक निवडले गेले. गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धनजवळ आज त्याचा परिसर आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पहिले कुलगुरू राम ताकवले चित्रवाणीतून आलेले नव्हते. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुराणिकांसोबत त्यांनी लिहिलेले यामिकीचे पाठ्यपुस्तक देशभरातल्या बीएस्सीच्या मुलांनी वापरले. १९७८ ते १९८४ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. तरीही या प्रस्तावनेत त्यांना मध्यावर ठेवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. चित्रवाणीच्या माणसाला जे अनुभवाने उमगते ते ताकवल्यांनी विचाराने गाठले: ज्याला आपण पाहू शकत नाही असा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून विद्यापीठ उभारायचे.

तो विद्यार्थी कोण? सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार, नाशिकरोडच्या प्रेसमधला कर्मचारी, एसटीचा वाहक, पोलीस शिपाई, दिंडोरीत द्राक्षबाग सांभाळणारा शेतकरी, लग्नामुळे शाळा सुटलेली बाई. दहावी न झालेल्यालाही पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीकडे जाता येईल अशी वाट या विद्यापीठाने ठेवली. शिक्षणक्रम हा शब्दही त्यांनीच रूढ केला. अभ्यासक्रम म्हणजे नुसती विषयांची यादी, त्यापेक्षा काही जास्त त्यांना म्हणायचे होते. मी काही काळ रविवारच्या संपर्क सत्रांना शिकवायला जात असे. रात्रपाळी करून आलेला माणूस पहिल्या बाकावर बसून झोपेशी झगडत वही भरत असतो. त्याच्यापुढे वायफळ बोलणे अपराध वाटतो.

मुक्त विद्यापीठाचे पुस्तक कसे तयार होते हे बाहेर फारसे ठाऊक नसते. एक लेखक मजकूर लिहितो, दुसरा विषय तपासतो, तिसरा भाषा सोपी करतो, आणखी कोणी स्वाध्याय कुठे घालायचे ते ठरवतो. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे असतात, मध्ये मध्ये ‘तुमची प्रगती तपासा’ असा थांबा असतो. ही पद्धत ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतून जगभर गेली. तिथे १९७१ च्या जानेवारीत पहिले पाठ प्रसारित झाले तेव्हा प्राध्यापक आणि बीबीसीचे निर्माते एकाच टेबलाभोवती बसून अभ्यासक्रम बेतत होते. प्राध्यापकाच्या मजकुरावर दुसऱ्या कुणी लेखणी चालवायची ही गोष्ट पारंपरिक विद्यापीठात अपमानाची. स्टुडिओत मात्र तो रोजचा रिवाज. एकट्याच्या नावावर तिथे काहीच होत नसते. नाशिकच्या पुस्तिकांमागे हीच शिस्त आहे.

ताकवले १९९५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून गेले. १९९८ मध्ये त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर आलेले अब्दुल वाहिद खान पूर्वी त्याच विद्यापीठाच्या संप्रेषण विभागाचे संचालक होते. म्हणजे स्टुडिओ आणि प्रक्षेपण सांभाळलेला माणूस देशातल्या सर्वांत मोठ्या विद्यापीठाचा प्रमुख झाला. त्यांच्याच कारकिर्दीत २६ जानेवारी २००० ला ‘ज्ञानदर्शन’ ही शिक्षणाची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. पुढे ते युनेस्कोत संप्रेषण आणि माहिती विभागाचे प्रमुख झाले. ‘चित्रवाणीतला माणूस विद्यापीठ काय चालवणार’ असे विचारणाऱ्यांनी ही कारकीर्द जरूर पाहावी.

नाशिकचा आणि उपग्रहाचा संबंध तिथेच संपत नाही. इस्रोने शिक्षणासाठी स्वतंत्र उपग्रह, एज्युसॅट, २० सप्टेंबर २००४ ला सोडला. त्याआधी इन्सॅट-३बी वापरून ज्या तीन ठिकाणी चाचणी झाली त्यांत कर्नाटकातले विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ, भोपाळचे राजीव गांधी तंत्रविद्यापीठ आणि आमचे मुक्त विद्यापीठ होते. साइटच्या वर्षी महाराष्ट्राच्या वाट्याला न आलेला उपग्रह शेवटी गोदाकाठी आला आणि या वेळी विद्यार्थ्याला उलट प्रश्नही विचारता येत होता. साइटच्या गावांत बोलण्याची सोय एकाच बाजूला होती.

चित्रवाणीतून आलेल्या माणसाच्या मर्यादाही लिहिल्या पाहिजेत. स्टुडिओला घड्याळाची सवय असते. अठ्ठावीस मिनिटांत गोष्ट बसली की काम झाले, आणि पुढच्या कार्यक्रमाची घाई लागते. शिकणे तसे अठ्ठावीस मिनिटांत बसत नाही. एखाद्याला भागाकार तीन वर्षांनी कळतो आणि संस्थेने तोवर त्याच्यासाठी थांबायचे असते. शिवाय पडद्याचा माणूस दिसण्याला जपतो. संस्थाप्रमुख झाल्यावर त्याची नजर प्रवेशद्वाराकडे, समारंभाकडे, छायाचित्राकडे आधी जाते. ग्रंथालयातली जुनी कपाटे, परीक्षा विभागातली थकलेली माणसे, वेळेवर न पोचलेली पुस्तके या गोष्टी चित्रात येत नाहीत, पण घरी बसून वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष त्यांच्यावर अवलंबून असते. या पुस्तकातल्या व्यक्तींविषयी वाचताना वाचकाने प्रत्येकाला ही कसोटी लावावी असे मला वाटते: पदावर आल्यावर त्याने पहिल्या वर्षी कोणत्या खोलीत किती वेळ घालवला?

दुसरी एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. पुण्यात २७ जानेवारी १९८४ ला बालचित्रवाणी सुरू झाली. इन्सॅटच्या योजनेत सहा राज्यांना अशा संस्था मिळाल्या, त्यांतली ही मराठी मुलांची. तिने हजारो कार्यक्रम केले आणि सकाळी शाळेत संचाभोवती बसून एका पिढीने ते पाहिले. पुढे केंद्राचे अनुदान थांबले, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने ती बंद केली. सगळ्यांच्या हातात मोबाइल आल्यावर अशा संस्थेची गरज काय, असेच तेव्हा अनेकांना वाटले. तीन वर्षांत टाळेबंदी आली. शाळा बंद, आणि लाखो घरांत मोबाइल एकच, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. तेव्हा पुन्हा दूरदर्शन आठवले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली. ती केली एमकेसीएल या संगणकशिक्षण देणाऱ्या कंपनीच्या नॉलेज फाउंडेशनने, म्हणजे ज्या एमकेसीएलच्या उभारणीत ताकवल्यांचा वाटा होता त्याच घराण्याने. फळ्यापुढे उभे राहून बोलणारे शिक्षक त्यात नव्हते. मुले घरातल्या माणसांबरोबर, घरातल्या वस्तू घेऊन काही करून पाहत होती आणि पाहणाऱ्या मुलाने तेच आपल्या घरी करायचे होते. पीजच्या गावात जाऊन राहणाऱ्या संशोधकांना ही रीत ओळखीची वाटली असती.

ताकवले २०२३ च्या मे महिन्यात गेले. वयाची नव्वदी त्यांनी ओलांडली होती. मेहेंदळे त्याच वर्षी जानेवारीत गेले, अक्का २०१९ मध्ये. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले ती पिढी आता हातातून निसटते आहे. म्हणून या पुस्तकाचे मी मनापासून स्वागत करतो आणि लेखकाकडे एक मागणी नोंदवतो. बालचित्रवाणीच्या आणि विद्यापीठांतल्या माध्यमकेंद्रांच्या जुन्या फिती ज्यांनी केल्या, त्यांतले कॅमेरामन, संकलक, पटकथा लिहिणारे शिक्षक अजून पुण्यात, नाशकात आहेत. पुढच्या आवृत्तीत संचालक आणि कुलगुरूंच्या शेजारी त्यांचेही बोलणे यावे, आणि त्या फिती कुठे, कोणत्या कपाटात, कोणत्या अवस्थेत आहेत याची एक नीट यादी तरी यावी.